शनिवारचं रीडिंग

ब्युरेटमधलं द्रावण सातच्या रेघेखाली गेलं तरी फ्लास्कमध्ये रंग फिरला नाही.

ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली काचेची उभी नळी. तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा असतात. आत कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण भरायचं. खाली फ्लास्कमध्ये पाणी घातलेलं व्हिनेगर ठेवायचं, त्यात इंडिकेटरचे दोन थेंब टाकायचे, तोटी सोडायची आणि फ्लास्क हलवत राहायचं. आम्ल संपलं की फिकट गुलाबी रंग येतो. तिथे थांबायचं. द्रावण किती लागलं त्यावरून आम्ल किती ते काढायचं. याला टायट्रेशन म्हणतात. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका खाजगी लॅबमध्ये मी पंचवीस वर्षं हे करते आहे.

त्या शनिवारी सातला रंग यायला हवा होता. आठ झाले, नऊ झाले, दहा गेले. अकरा पूर्णांक तीनला गुलाबी आला आणि टिकला. मी फ्लास्क धुऊन पुन्हा केलं. पुन्हा अकरा पूर्णांक तीन. सात म्हणजे सव्वाचार टक्क्यांच्या आसपास आम्ल. अकरा पूर्णांक तीन म्हणजे पावणेसातच्या वर. मी रफ वहीत तारीख घातली, दोन्ही आकडे लिहिले आणि वही मिटली.

ही बाटली लॅबमध्ये नमुना म्हणून आलेली नव्हती. ती माझ्या पर्समधून आली होती. मारुती मंदिरजवळच्या एका दुकानातून मी ती विकत घेतली होती, आणि लेबलावर ज्या रिपोर्टचा नंबर छापला होता, त्या रिपोर्टवर सही माझीच होती.

हे व्हिनेगर शलाका बनवायची. सफरचंदाचं. शलाका हेदवीची. बीएस्सी झाल्या झाल्या ती आमच्याकडे ट्रेनी म्हणून आली. पहिल्या महिन्यात तिने दोन पिपेट फोडल्या आणि दोन्ही वेळा स्वतःच हसली. टायट्रेशन मी शिकवलं तिला. तिचा रंग नेहमी जास्त व्हायचा, फिकट गुलाबीऐवजी थेट कोकम सरबत. मी तिला सांगायची, रीडिंग माहीत नसेल तर घाई करायची नाही, पहिल्या रेघेपासून सांभाळून सोडायचं. हळूहळू तिचा हात बसला. चार वर्षं राहिली, मग लग्न झालं आणि नोकरी सोडली.

दोनेक वर्षांनी कळलं की ती घरामागच्या शेडमध्ये व्हिनेगर करते. रत्नागिरीत सफरचंद पिकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण सीझनला ट्रकने येतात, त्यातली दबलेली, डागी सफरचंदं फळवाले कमी भावात देऊन टाकतात. शलाका ती घ्यायची. थोडी साखर घालून मोठ्या ड्रममध्ये कापडाखाली आंबवायची. लोकांना ते हवंच होतं. कोणाला वजन उतरवायचं होतं, कोणाला शुगर, कोणाला केसातला कोंडा, कोणाला चेहऱ्याचे डाग. आमच्या आयांनी रिठा आणि जास्वंदीवर भागवलं. आता प्रत्येकीच्या बाथरूममध्ये एक तपकिरी बाटली दिसायला लागली.

शलाका मोबाइलवर छोटे व्हिडिओ टाकायची. पांढरा कोट घालून उभी राहायची आणि नीट समजावून सांगायची. प्यायचं असेल तर एक चमचा मोठ्या ग्लासभर पाण्यात, नुसतं कधीच नाही, दातांवरचं कवच झिजतं. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. केसांना मगभर पाण्यात दोन चमचे, शेवटच्या पाण्याला. चेहऱ्याला निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर, कापसाने. चुकीचं फारसं नव्हतं. चेहऱ्याचं प्रमाण मी आणखी पातळ सांगितलं असतं, एवढंच.

तो कोट आमच्या लॅबचा होता. खिशावर आयोडीनचा तपकिरी डाग होता. तो डाग माझ्या हातून पडला होता. कोट मुळात माझा, तिच्या पहिल्या दिवशी मी तिला दिला होता.

एका व्हिडिओत ती म्हणाली की आमच्या मॅडमनी शिकवलंय, अंदाजाने काही करायचं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मी फोन उलटा ठेवला.

आता मोकळेपणाने लिहायचंच ठरवलं आहे, तर लिहिते. मला तिचा हेवा वाटत होता. थोडाथोडका नाही. चाळिशीनंतर माझे केस मूठमूठ गेले. दोन्ही गालांवर वांग आले. पंचवीस वर्षांत रिपोर्टच्या तळाच्या सहीपलीकडे मला कोणी ओळखत नव्हतं. आणि ज्या मुलीला मी तोटी कशी धरायची ते शिकवलं, तिला आता बायका अडवून विचारत होत्या. गुहागरला एका लग्नात नवऱ्या मुलीच्या मावशीने माझी ओळख करून घेतली आणि म्हणाली, "अगोबाई, म्हणजे तुम्ही शलाकाच्या लॅबमध्ये का?" मी हो म्हटलं.

फेब्रुवारीत शलाका नमुना घेऊन आली. लेबलावर आम्लता छापायची म्हणून रिपोर्ट हवा होता. आमचे सर, म्हणजे लॅबचे मालक, तिला बघून खूश झाले. मला म्हणाले, "आपल्याच घरची पार्टी आहे, उद्याच्या उद्या द्या." आमच्याकडे ग्राहकाला पार्टी म्हणतात.

आम्लता चार पूर्णांक दोन आली. उत्तम. कायद्याच्या किमान मर्यादेच्या वर, लोकांच्या रोजच्या वापराला झेपेल इतकी.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. सफरचंदाच्या रसाचं व्हिनेगर एका उडीत होत नाही. आधी रसातल्या साखरेचं अल्कोहोल होतं. मग हवेतले जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. हे दुसरं काम अर्धवट असताना नमुना तपासला, तर आम्ल कमी दिसतं, पण अल्कोहोल शिल्लक असतं. ड्रम तसाच कापडाखाली राहिला तर ते उरलेलंही आम्ल होत जातं. उन्हाळ्यात, आमच्याकडच्या उकाड्यात, भरभर. म्हणून व्हिनेगर घेऊन येणाऱ्या प्रत्येक पार्टीला मी न विचारता सांगते, शिल्लक अल्कोहोलची टेस्ट करून घ्या, आणि भरायच्या आधी माल गरम करून जिवाणू थांबवा. लांज्याच्या एका आंबावाल्याला सांगितलं होतं. काजूच्या बोंडूचं व्हिनेगर करणाऱ्या एका बचतगटाला कागदावर लिहून दिलं होतं.

शलाकाने रिपोर्ट हातात घेतला आणि विचारलं, "एवढ्यात भागेल ना मॅडम? अजून काही करायला हवं का?"

मी म्हटलं, "लेबलला लागतं तेवढं झालं."

खोटं नव्हतं ते. लेबलला तेवढंच लागतं. ती आमच्याकडे असताना आम्ही व्हिनेगर फारसं तपासत नव्हतो, पाणी आणि आंब्याचा पल्प जास्त. तिला हे माहीत नसणार, हे मला माहीत होतं. ती गेल्यावर मी हात धुतले आणि पुढचा नमुना घेतला.

एप्रिलमध्ये मी तिची बाटली घेतली. आमच्या आळीतल्या दुकानातून नाही, दोन किलोमीटर लांबून, आणि कागदात गुंडाळून. केसांसाठी. केमिस्ट आहे, तेव्हा चमच्याने नाही, मोजपात्राने घालायची. शाम्पूने केसावरचे बारीक खवले उघडतात, हलक्या आम्लाने ते मिटतात, म्हणून चकाकी येते. नवे केस येत नाहीत. पण होते ते बरे दिसायला लागले. यजमान म्हणाले, "केस बरे दिसतायत हल्ली." मी सांगितलं, शाम्पू बदलला.

मेमध्ये दुसरी बाटली आणली. तोच लॉट नंबर, तोच माझा रिपोर्ट. तेच माप घातलं आणि टाळू चुरचुरली. दुसऱ्या खेपेलाही तेच. म्हणून त्या शनिवारी, हाफ डे संपून सगळे गेल्यावर, मी बाटली पर्समधून काढली.

काय झालं ते आकडा बघताच कळलं. तिने एकच मोठा ड्रम केला होता. फेब्रुवारीत त्यातून नमुना दिला, थोड्या बाटल्या भरल्या, बाकी ड्रम तसाच ठेवला. मागणी येईल तशा भरत गेली. ड्रम काम करत राहिला. लेबलावर चार पूर्णांक दोन, बाटलीत पावणेसातच्या वर. निम्मं पाणी घालूनही चेहऱ्यावर जाईल ते तिने ठरवलं होतं त्याच्या दीडपटीहून जास्त.

आणि बुधवारी गुहागरला महिलांचा मेळावा होता. जाहिरात मीही बघितली होती. हॉलमध्ये बसलेल्या बायका आपापल्या गालावर तिच्या व्हिनेगरचा कापूस ठेवून वीस मिनिटं बसणार, आणि शलाका स्टेजवरून बोलणार.

मी फोन काढला. मेसेज लिहिला: हा लॉट वापरू नकोस, आम्लता वाढली आहे, लगेच फोन कर. वाचला. मग मनात आलं, ती विचारणार, तुम्हाला कसं कळलं? मग सांगावं लागणार की मी तुझी बाटली विकत घेतली. दोन घेतल्या. मी, जिने लॅबमध्ये सर्वांसमोर म्हटलं होतं की असली खुळं आपल्याकडे कशाला.

मी मेसेज पुसला.

हे एक कारण झालं. दुसरं त्याच्या खाली होतं. मला कोणाचा गाल भाजायला नको होता, हे खरं आहे. पण तिचं एकदा तरी काहीतरी चुकावं आणि ते चारचौघांत चुकावं, हेही मला हवं होतं. ही दोन्ही एकाच वेळी हवी असू शकतात. रविवारी मी स्वतःला सांगितलं, ती मेळाव्यासाठी नवा लॉट नेईल. सोमवारी सांगितलं, रिपोर्टच्या तळाशी ओळ असतेच. प्रत्येक लॅबच्या रिपोर्टवर ती असते: हा निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता आहे. दिलेला नमुना बरोबर होता. माझं काम बरोबर होतं.

मंगळवारी सकाळी लॅबला फोन करून शलाका आली. उजव्या गालावर ओढणी धरली होती. सर केबिनमधून उठून बाहेर आले. तिने ओढणी काढली. गालाचं हाड आणि कानाच्या मधला भाग लाल, मध्ये कातडी सुटलेली. स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आम्लाने भाजलंय.

ती म्हणाली, मेळाव्याआधी ती नेहमी स्वतःवर करून बघते. काल संध्याकाळी तसंच केलं. चुरचुरलं, पण तिला वाटलं होईल कमी, रिपोर्ट तर आहे. वीस मिनिटं काढली.

"तुमच्या रिपोर्टवर डोळे मिटून होते मी मॅडम," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. "जरा बघाल का हे?"

तिने बाटली पुढे केली. तोच लॉट.

सर म्हणाले, "बाकी सगळं बाजूला ठेवा. आधी हे."

मी ब्युरेट भरली. शलाका बाजूच्या स्टुलावर बसली, ट्रेनी असताना बसायची तिथेच. मी व्हिनेगर मोजून पातळ केलं, फ्लास्कमध्ये घेतलं, इंडिकेटर टाकला, तोटी सोडली. चेहरा कसा ठेवायचा एवढाच विचार डोक्यात होता. अकरा पूर्णांक तीनला गुलाबी आला. मी म्हटलं, "बाप रे. हे कसं झालं?"

हे वाक्य मी कसं उच्चारलं ते मला आजही ऐकू येतं.

सर आकडा ऐकून कपाळाला हात लावून आत गेले. शलाका ब्युरेटकडे बघत होती. मग माझ्या हाताकडे बघितलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुम्ही दहापर्यंत सरळ सोडलंत."

मी तोटी नीट बंद आहे ना ते बघितलं.

"रिपोर्ट चार पूर्णांक दोनचा आहे. म्हणजे सहाच्या आधीच तोटी आवळायला हवी ना? सातला रंग येणार असं धरून?" ती खरोखरच विचारत असल्यासारखी बोलत होती. "तुम्ही दहाला आवळलीत."

"सवय," मी म्हटलं. "इतकी वर्षं झाली."

"हं," ती म्हणाली.

मग मी तिला शिल्लक अल्कोहोलचं सगळं सांगितलं. तीन महिने उशिरा, नीट, कागदावर लिहून. तिने कागद घडी करून ठेवला. रिपोर्ट घेतला, सरांना नमस्कार केला आणि गेली.

बुधवारी ती मेळावा रद्द करेल असं मला वाटलं होतं. ती जयगडच्या फेरीबोटीने गुहागरला गेली. आमच्या अकाउंटंटची बहीण हॉलमध्ये होती, तिच्याकडून दुसऱ्या दिवशी ऐकलं. शलाका स्टेजवर गेली, ओढणी काढली आणि गाल दाखवला. म्हणाली, हा लॉट कोणी वापरायचा नाही, घरी असेल तर परत द्या, चूक माझी आहे. मी ड्रम तपासून न घेता भरत गेले. लॅबचा रिपोर्ट बरोबर होता, तो दिलेल्या नमुन्यापुरताच असतो. मग तासभर तिने बायकांना आम्ल म्हणजे काय ते शिकवलं. शेवटी टाळ्या वाजल्या म्हणे, उभं राहून.

मला त्या टाळ्यांचाही हेवा वाटला. लिहायचंच आहे तर हेही लिहिते.

तिने ड्रम ओतून दिला. परत आलेल्या बाटल्यांतलंही ओतलं. पावसाळ्यानंतर नव्याने सुरू केलं, आता माल गरम करून भरते, प्रत्येक लॉट दोनदा तपासून घेते. कोल्हापूरच्या लॅबमध्ये. आमची लॅब तिच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि तिचे नमुने कुरियरने घाट चढून जातात. सरांनी एकदा मला विचारलं, "आपली पार्टी तुटली कशी हो?" मी म्हटलं, कल्पना नाही.

यंदा मार्चमध्ये जुन्या रफ वह्या रद्दीत काढायच्या होत्या. मी एकेक चाळून बाजूला टाकत होते. ती वही हातात आली. शनिवारची तारीख, दोन आकडे, आणि पार्टीच्या नावाच्या जागी काहीच नाही. रद्दीत टाकली असती तर गोष्ट तिथे संपत होती. कोणी विचारलं नसतं. मी ती पर्समध्ये घातली आणि संध्याकाळी शलाकाकडे गेले.

ती शेडमध्ये कापडं वाळत घालत होती. मला बघून थांबली. "या मॅडम," म्हणाली, स्टूल पुसून दिलं. कानापाशी गाल अजून थोडा काळपट आहे. बाहेरच्या माणसाला दिसणार नाही.

मी वही उघडून तिच्यासमोर धरली.

तिने तारीख वाचली. आकडे वाचले. बोटांवर दिवस मोजले.

"शनिवार," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमचा हात बघून मला कळलं होतं, आधी एकदा केलेलं आहे. पण मला वाटलं, त्याच दिवशी सकाळी केलं असेल, माझा फोन आला म्हणून. शनिवार नव्हता धरला मी."

"बाटली मी विकत घेतली होती. केसांना."

ती जराशी हसली. मग हसू गेलं.

"का नाही सांगितलंत?"

वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, "तुझा हेवा वाटत होता गो."

तिने वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "दोन्ही वेळा अकरा तीन. मंगळवारीही अकरा तीन. हात अजून चांगला आहे तुमचा."

ती घरात गेली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली असेल. ती कोट घेऊन आली. धुतलेला, इस्त्री केलेला, खिशावरचा डाग तसाच. तो तिने माझ्या मांडीवर ठेवला.

"हा तुमचा. राहून गेला होता माझ्याकडे."

मी तो घेतला. माफी मागितली. ती म्हणाली, "बरं," आणि उरलेली कापडं दोरीवर टाकायला लागली.

सरांनाही मी सांगितलं. त्यांनी व्हिनेगरच्या अर्जावर शिल्लक अल्कोहोलची टेस्ट छापून घ्यायला सांगितली. पार्टीला नको असेल तर तिने तसं लिहून द्यायचं. शलाकाचे नमुने अजून कोल्हापूरलाच जातात. मी तिच्या बाटल्या आता आमच्या आळीतल्या दुकानातून घेते, कागदात न गुंडाळता.

लॅबमध्ये नव्या मुली येतात. त्यांना मी तोटी धरायला शिकवते, आणि एक जास्तीची गोष्ट सांगते. रीडिंग चुकीचं वाटलं तर त्याच दिवशी फोन करायचा. नमुना पार्टीने दिलेला असो, नाहीतर आपल्या पर्समधून आलेला असो.